किराण्याची कुपनं: कोल्हापुरात नव्यानं घर मांडलेल्यांसाठी

युट्यूबवर अमेरिकेतल्या बायका फाईलभर कुपनं काउंटरवर ठेवतात आणि ट्रॉलीभर सामान जवळपास फुकटात घेऊन बाहेर पडतात. ते बघून कोल्हापुरात कुणी कात्री घेऊन पेपर चाळायला बसलं, तर हाताला फार तर 'प्रवेशिकेवर चिकटवा आणि भेटवस्तू मिळवा' असलं कूपन लागेल. ती वेगळी गंमत. रोज एक कापायचं, चिकटवत राहायचं आणि शेवटी डबा नाहीतर बादली घ्यायला रांगेत उभं राहायचं. पेपर घरात येतच असेल तर जरूर करा, पण त्यानं वाण्याचं बिल उतरत नाही.

आपल्याकडचं किराण्याचं कूपन असतं ॲपच्या पेमेंटच्या पानावर, मॉलच्या मेंबर नंबरात, चहाच्या पुड्याच्या आत, बँकेच्या कार्डावर. आणि बऱ्याचदा दुकानदाराच्या तोंडात, म्हणजे विचारलं तरच बाहेर येणारं. विद्यापीठात शिकायला आलेली पोरं, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत नोकरीला लागून खोली घेतलेले, नुकतं लग्न होऊन राजारामपुरीत किंवा फुलेवाडीत बिऱ्हाड केलेले, अशांसाठी हे लिहितोय. पहिल्या महिन्यापासून जमेल असंच सांगतो.

आधी यादी, मग कूपन

हा क्रम उलटा झाला की खिशाला भोक पडलंच म्हणून समजा. कागदावर महिन्याची यादी करा आणि मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे सुटा माल, उजवीकडे पॅकबंद.

डावीकडं येणार तांदूळ, शाळू, गहू, डाळी, शेंगदाणे, गूळ, पोहे, मिरची. यावर कुपनं शोधत बसू नका. हा माल लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारात जाऊन, दोन-तीन दुकानांत मुठीत घेऊन बघून, भाव विचारूनच घ्यायचा. कारण फक्त भावाचं नाही. तांदूळ आजऱ्याचा घनसाळ असो की इंद्रायणी, पोत्यात हात घातल्याशिवाय जुना का नवा ते कळत नाही, आणि ॲपवरच्या फोटोला वास नसतो. शिवाय 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर 5 टक्के जीएसटी लागतो. पोत्यातून सुटं मोजून घेतलेल्या धान्यावर लागत नाही. म्हणजे ॲपवर पॅकबंद तुरडाळीवर 5 टक्क्यांचं कूपन मिळालं, तर तुम्ही जेमतेम लक्ष्मीपुरीच्या उंबऱ्याशी येऊन पोचलात.

चटणीचा, म्हणजे इथल्या तिखट मसाल्याचा, तर विषयच वेगळा. मार्च ते मे या दिवसांत ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी मिरची घेऊन वर्षाची चटणी करणाऱ्या घरात जाऊन 'मसाल्यावर 20 टक्के सूट' हे कूपन दाखवा, काय उत्तर मिळतं बघा.

उजव्या बाजूला चहा, तेल, तूप, बिस्किटं, अंगाचा साबण, कपड्याची पावडर, भांड्याचा बार, टूथपेस्ट, शाम्पू, सॅनिटरी पॅड, फिनेल. कुपनांचा खरा खेळ इथं आहे. माल सगळीकडे तोच, पाकीट तेच, फरक फक्त भावाचा. दर महिन्याला लागतो आणि पुढच्या महिन्यापर्यंत खराबही होत नाही, त्यामुळे स्वस्त मिळाला तर एक पाकीट जादा घेऊन ठेवता येतं.

यादीत प्रत्येक जिन्नसापुढे तुम्ही शेवटचा दिलेला दर लिहा. आई किंवा सासूबाईंच्या वहीतले दर उतरवून घेतले तरी चालतील, फक्त तारीख बघा. साबण, शाम्पू, टूथपेस्टवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 टक्क्यांवर आला आणि लोणी, तूप, चीज यांवरचा 12 वरून 5 वर. त्याआधीच्या दराशी तुलना केली तर साधी किंमतसुद्धा 'ऑफर' वाटायला लागते.

किलोचा दर काढायची सवय

कूपन हातात घेण्याआधी एवढं एक यायलाच पाहिजे. तेलाची पिशवी घ्या. पूर्वी बहुतेक पिशव्या एक लिटरच्या, म्हणजे वजनानं साधारण 910 ग्रॅम. आता त्याच उंचीच्या, त्याच रंगाच्या पिशवीत 870, 850, 800, कधी 750 ग्रॅमसुद्धा असतं. समोर मोठं सूर्यफूल, मागच्या बाजूला खाली बारीक अक्षरात निव्वळ वजन. तिथंच एमआरपीच्या आसपास प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली दर छापलेला सापडेल. तो छापणं कंपनीला बंधनकारक आहे. फरक एवढाच की तो छापील किमतीवरून काढलेला असतो, कुपनानंतरच्या किमतीवरून नाही. तो आपण काढायचा.

समजा 750 ग्रॅमची पिशवी 129 रुपयांना आहे आणि तुमच्याकडे 15 रुपयांचं कूपन आहे. पडली 114 ला, म्हणजे किलोला 152. शेजारीच 910 ग्रॅमची पिशवी 135 ला आहे, तिच्यावर कूपन नाही. किलोला पडते साधारण 148. कूपनवाली महाग! मोबाईलमधल्या कॅल्क्युलेटरवर हे करायला दहा सेकंद लागतात. मागं रांगेत कुणी 'आवरा की' म्हणालं तरी करायचं.

'जादा 20 टक्के', 'एकावर एक', 'सोबत ब्रश मोफत' या सगळ्यांना हीच फूटपट्टी लावायची. मोफत ब्रशाची किंमत मनातल्या मनात शून्य धरा. लागणारच असेल तर अर्धी धरा.

वाण्याला विचारा: 'स्कीम हाय काय?'

नवखे लोक हा मार्ग सोडून देतात, आणि माझ्या मते सुरुवात इथूनच करावी. कंपन्या वितरकांमार्फत दुकानदाराला सतत काही ना काही देत असतात: बारा पाकिटांवर एक फुकट, चहाच्या किलोच्या पुड्यावर काचेची बरणी, पावडरीच्या पिशवीवर बादली. यातलं थोडं दुकानदारापाशी राहतं, थोडं गिऱ्हाईकाच्या हाती पडतं. गिऱ्हाईकाच्या हाती कधी पडतं? विचारल्यावर.

"मामा, ह्या चहावर काय स्कीम हाय काय?"

"अर्ध्यावर न्हाई. किलोवर बरणी हाय बघा. आणि पावडर चार किलोची घेत असशीला तर चाळीस कमी लावतो."

एवढाच संवाद. पण तो दुकानात गर्दी असताना होत नाही. सकाळी दुकान उघडल्यावर किंवा दुपारी तीन-चारच्या सुमाराला जा. महिन्याची पूर्ण यादी एकाच दुकानात टाकत असाल तर 'सगळ्या बिलावर काय कमी?' असंही विचारता येतं, आणि रोख किंवा यूपीआयनं लगेच पैसे देणाऱ्याचं वजन उधारीच्या वहीतल्या गिऱ्हाइकापेक्षा जास्त असतं. घासाघीस मात्र एकेका पाकिटावर करू नका. छापील किमतीच्या मालात किरकोळ दुकानदाराला सुटणारा पैसा मुळात थोडा असतो. दोन रुपयांसाठी हुज्जत घातली की पुढची बरणी दुसऱ्याच्या घरी जाते.

पाकिटाच्या आतली कुपनंही याच दुकानात मिळतात. वेष्टनाच्या आतल्या बाजूला कोड, तो कंपनीच्या नंबरवर पाठवायचा, मग मोबाईल रिचार्ज किंवा पुढच्या खरेदीला सूट. चहा, बिस्किटं आणि कपड्याच्या पावडरीत हे जास्त दिसतं. पाकीट फोडल्याबरोबर आत बघा. कचऱ्यात टाकलेला कोड परत हुडकायला नको. आणि पाकिटावरची योजनेची शेवटची तारीख वाचा, कारण योजना संपल्यावरही माल दुकानात फिरत असतो.

मॉल आणि ॲप

डीमार्टसारख्या ठिकाणी कुपनांचा खेळच नाही. तिथं छापील किमतीवर थेट कमी लावलेलं असतं. म्हणून तो भाव तुलनेचा पाया म्हणून वापरायला उत्तम. तिथल्या बिलाचा फोटो काढून ठेवा; कुठल्याही ॲपवर '40 टक्के सूट' दिसली की त्या फोटोशी ताडून बघा. चाळीस टक्के एमआरपीवरचे असतात, आणि मॉलमध्ये तो माल बहुधा एमआरपीपेक्षा कमीलाच मिळत असतो.

बाकी मोठ्या दुकानांत मेंबरशिप असते, बहुतेक ठिकाणी मोबाईल नंबरावर. पॉइंट जमतात, महिन्याच्या सुरुवातीला मेसेजनं कूपन येतं. 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टच्या आसपास मोठे सेल लागतात आणि दिवाळीच्या आधीही. पगार हातात असतो तो महिन्याचा पहिला आठवडाच मेसेजच्या कुपनांसाठी का निवडतात, हे सांगायला नको. नंबर द्यायचा नसेल तर मात्र देऊ नका. नंबर दिल्याशिवाय बिल करणार नाही, असा आग्रह दुकानांनी धरू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 2023 मध्ये स्पष्ट केलंय. मी म्हणेन, सेलच्या मेसेजांसाठी जुना दुसरा नंबर असला तर तो द्या, म्हणजे मुख्य फोनची टिकटिक थांबते.

ॲपवर पहिल्यांदा पिनकोड टाकून पोच आहे का बघा. शहरात आहे आणि उजळाईवाडीला नाही, असं होतं. मग टोपलीत सामान टाकून पेमेंटच्या पानापर्यंत जा, पण पैसे भरू नका. 'कूपन लावा' किंवा 'ऑफर बघा' असं जे काही लिहिलेलं असेल ते दाबलं की यादी उघडते. वर दिसणारं पहिलं कूपन ॲपच्या सोयीचं असतं, तुमच्या नव्हे. खालपर्यंत सरकत जा. बँकेच्या कार्डाची ऑफर बहुधा तळाला असते आणि ती कधी कधी दुकानाच्या कुपनासोबत दोन्ही मिळून लागते. दुकानाची दोन कुपनं मात्र एका बिलावर सहसा लागत नाहीत.

टोपली भरून तशीच सोडून दिली तर एक-दोन दिवसांत 'तुमचं सामान वाट बघतंय' असा मेसेज येतो, बऱ्याचदा कुपनासकट. घाईचं सामान नसेल तर ही युक्ती करून बघायला काही जात नाही.

तीन अटी, ज्यात पैसे मुरतात

पहिली, किमान खरेदी. 'किमान 999 च्या खरेदीवर 100 सूट.' तुमच्या यादीचं बिल होतंय 840. मग 999 ओलांडायला 160 ची चॉकलेटं आणि चिप्स टाकली. बिल हजार, सूट शंभर, दिले 900. यादीपेक्षा 60 जास्तच गेले. पण त्या 160 मध्ये पुढच्या महिन्याला लागणारा साबण आणि टूथपेस्ट टाकली असती, तर शंभर रुपये खरोखरच वाचले असते. तेच कूपन, तीच रक्कम. म्हणून यादीच्या खाली 'पुढच्या महिन्याचं' असं लिहून चार-पाच टिकाऊ जिन्नस कायम तयार ठेवा. कूपन पुरं करायला तिथूनच भर घालायची.

दुसरी, कमाल मर्यादा. '10 टक्के सूट, कमाल 75 रुपये.' 750 च्या खरेदीला 75 मिळतात आणि 1500 च्या खरेदीलाही 75 च. अशा वेळी यादीचे दोन तुकडे करायचे, कूपन दोनदा चालत असेल आणि दोन्ही वेळा घरपोच फुकट असेल तर. नाहीतर दुसऱ्या खेपेचा डिलिव्हरी खर्च सूट गिळतो. डिलिव्हरीबरोबर हाताळणी शुल्क, छोट्या ऑर्डरचं शुल्क, पावसाचं शुल्क असले प्रकारही बिलाच्या तळाशी येतात. कूपन लावल्यावरचा नव्हे, या सगळ्यांनंतरचा आकडा खरा. तुम्ही न टाकलेली वस्तू किंवा देणगी आपोआप टोपलीत आली असेल तर काढून टाका. असं गुपचूप टोपलीत घालणं, शेवटच्या पानावर शुल्क वाढवणं, 'फक्त 2 मिनिटं शिल्लक' अशी खोटी घाई करणं, हे सगळं केंद्र सरकारच्या 2023 च्या नियमावलीत अनुचित प्रकार म्हणून नोंदवलंय. तरी चालतंच. डोळे उघडे ठेवायचे.

तिसरी, कॅशबॅक. कॅशबॅक म्हणजे सूट नव्हे. पैसे आज जातात, परत येतात काही दिवसांनी, ते पण बऱ्याचदा त्याच ॲपच्या पाकिटात आणि मुदतीसह. त्याच ॲपवर दर महिन्याला घेत असाल तर ठीक, नाहीतर तेवढीच रोख सूट देणारं कूपन घ्या. यूपीआयच्या स्क्रॅच कार्डांवर तर भिस्त ठेवूच नका. दहातली नऊ कधी नाव न ऐकलेल्या कंपनीच्या चष्म्यावर सूट देतात.

क्रेडिट कार्डाच्या ऑफरबद्दल एकच वाक्य: महिन्याचं बिल पूर्ण भरत असाल तरच. थकवलं तर महिन्याला तीन टक्क्यांच्या वर व्याज लागतं, आणि ते कुठलंही कूपन भरून काढत नाही.

जपून ठेवणं

यात फार डोकं लावू नका. कागदी कुपनं एका पाकिटात आणि पाकीट बाजाराच्या पिशवीत. घरात कपाटात ठेवलेलं कूपन दुकानात उपयोगी पडत नाही. मोबाईलवरच्यांचे स्क्रीनशॉट एका अल्बममध्ये, आणि मुदत संपण्याच्या दोन दिवस आधीची आठवण फोनला लावून टाका. रविवारी रात्री पाच मिनिटं काढून संपलेली पुसायची. बस्स.

कुपनावर घेतलेल्या मालाची तारीख दुकानातच बघा. 'एकावर एक' बऱ्याचदा मुदत जवळ आलेल्या मालावर असतं. बिस्किटं चार दिवसांत संपतात, तिथं हरकत नाही; तुपाच्या दोन बरण्या घेताना विचार करा. घरपोच मागवत असाल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, नोव्हेंबर 2024 मध्ये कंपन्यांना सांगितलंय की माल गिऱ्हाइकाच्या हातात पडताना त्याच्या मुदतीचा किमान 30 टक्के काळ किंवा 45 दिवस शिल्लक असावेत. दारात पिशवी उघडून तारखा बघा आणि तसं नसेल तर तिथंच परत करा.

कोल्हापूरची खास 'कुपनं'

इथं काही सवलती अशा आहेत ज्यांना कुणी कूपन म्हणत नाही. सहकारी साखर कारखान्यांच्या सभासदांना सवलतीच्या दरानं साखर मिळते, कार्डावर. नव्यानं आलेल्याकडे शेअर कुठून असणार, पण घरमालक किंवा गावाकडचे पाहुणे बहुधा सभासद असतात, आणि लहान कुटुंबाला ती साखर संपता संपत नाही. विचारायला लाजू नका, दर ठरवून घ्या, म्हणजे उपकाराचं ओझं राहत नाही.

दिवाळीत व्यापारी संघटना, मंडळं, पतसंस्था 'ना नफा ना तोटा' दरानं लाडू-चिवडा विकतात. काही ठिकाणी आधी कूपन घेऊन नाव नोंदवावं लागतं आणि ते दसऱ्याच्या सुमारालाच सुरू होतं. नोकरीच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांची सोसायटी किंवा ग्राहक भांडार असेल तर पहिल्याच आठवड्यात चौकशी करा. कंपनी जेवणाचं कार्ड देत असेल तर ते कुठल्या किराणा दुकानात चालतं तेही तिथंच कळेल. भाजीसाठी मात्र कूपन-बिपन नको. रविवारच्या बाजाराला संध्याकाळी जा, उठताना भाव आपोआप उतरतो.

दर महिन्याला हप्ता भरा आणि दिवाळीला किराण्याचं किट घ्या, अशा खासगी भिशी योजना गल्लोगल्ली सांगितल्या जातात. ओळखीचा आणि पक्क्या दुकानाचा माणूस असेल, प्रत्येक हप्त्याची सही-शिक्क्याची पावती मिळत असेल तर ठीक. नाहीतर तेच पैसे आपल्या खात्यात ठेवा आणि दिवाळीला रोखीनं भाव पाडून घ्या.

फसवणूक आणि तक्रार

सणासुदीला व्हॉट्सॲपवर '5,000 रुपयांचं किराणा व्हाउचर, दहा जणांना पाठवा' असे मेसेज फिरतात. मोठ्या दुकानाचं नाव असतं, लोगो असतो, लिंक मात्र भलतीच. कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये ती ऑफर दिसत नसेल तर ती नाहीच. कूपन मिळवायला एपीके फाईल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरचं ॲप, उतरवायला सांगितलं तर मेसेज पुसून टाका. आणि हे घरातल्या मोठ्यांना तोंडपाठ करून घ्या: पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. कॅशबॅक जमा करायला क्यूआर स्कॅन करा, पिन टाका असं कुणी म्हणालं की तो पैसे काढून घेतोय. गेलेच पैसे, तर क्षणाचाही वेळ न घालवता 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन करा. जितकी लवकर तक्रार, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

बिलाच्या तक्रारी साध्या असतात. शेल्फवर 89 चा फलक आणि बिलात 99, किंवा 'एकावर एक' मधलं दुसरं पाकीटही मोजलेलं. म्हणून काउंटर सोडण्याआधी बिल वाचा, घरी जाऊन नव्हे. शेल्फवरच्या फलकाचा फोटो असेल तर काउंटरवरची मुलगी बहुतेक वेळा लगेच दुरुस्त करते. तिच्यावर आवाज चढवू नका, संगणकात दर तिनं भरलेला नसतो. छापील एमआरपीपेक्षा जास्त घेतले, कबूल केलेलं कूपन ऑर्डर झाल्यावर नाकारलं, आणि दुकान किंवा ॲप दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा 1915 हा नंबर आहे, मराठीतूनही बोलता येतं. फोन करताना बिल, कुपनाचा स्क्रीनशॉट आणि तारीख समोर ठेवा. तक्रारीचा क्रमांक देतात, तो बिलाच्या मागंच लिहून ठेवायचा.